चिनी सुलेखन, ताओ आणि मधलं पांढरं

रेवाकाठ (शुक्र, २३:२०)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बाहेर धो धो पाऊस आहे आणि लाइट आत्ताच आलेत तर बसलेच एकदाची. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं चीनमध्ये हांगझोउला होतो, शांघायहून ट्रेनने तासाभरावर. मला भाषा येत नव्हती, लेक दिवसभर शाळेत, दुपारी घरात फक्त मी आणि खिडकी. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक कम्युनिटी रूम होती, तिथे मंगळवारी आणि गुरुवारी शूफाचा, म्हणजे कुंचल्याने लिहायच्या चिनी अक्षरांचा, वर्ग भरायचा. सगळे रिटायर्ड आजीआजोबा आणि चाळिशीतली मी एकटी. शिकवणारे सत्तरीचे असतील, आम्ही त्यांना लाओशी म्हणायचो, म्हणजे गुरुजीच.

मला वाटलं होतं पहिल्या दिवशी निदान स्वतःचं नाव तरी लिहायला शिकवतील. कसलं काय. पहिले तीन वर्ग नुसती शाई उगाळली. शाईची कांडी असते, पाइनच्या लाकडाची नाहीतर तेलाची काजळी सरसात कालवून, कुटून, साच्यात घालून वाळवलेली. दगडी दौत म्हणजे आपली सहाणच समजा, एका बाजूला उतार आणि खळगा. चमचाभर पाणी घालायचं, कांडी उभी धरायची आणि गोल गोल फिरवत राहायचं, जोर न लावता. जोर लावला की खरखर आवाज येतो आणि शाईत कण राहतात. लाओशी पाठ करून दुसऱ्याची वही बघत असायचे, पण त्या आवाजावरून त्यांना कळायचं की माझं डोकं घरच्या कुकरपाशी पोचलंय. मागे न वळता नुसतं "मान, मान" म्हणायचे. मान म्हणजे सावकाश. हा माझा पहिला चिनी शब्द.

मग दोन महिने एक आडवी रेघ. खरंच, दोन महिने! 'यी', म्हणजे एक, हे अक्षर म्हणजे एकच आडवी रेघ. पण ती डावीकडून उजवीकडे सरळ ओढायची नसते, उजवीकडे जायचं असेल तर कुंचला आधी किंचित डावीकडे न्यायचा, टोक रेघेच्या पोटात लपवायचं, दाबायचं, मग निघायचं, आणि शेवटी पुन्हा उलटं वळून बाहेर यायचं. कागद असतो शुआन, आनहुइ प्रांतातला, छिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा ह्यांचा, आणि त्याचा कच्चा प्रकार घेतला तर शाई अशी फुटते की विचारू नका. क्षणभर थांबलात की डाग, घाबरून पळालात की रेघेत जीव नाही. खोडता येत नाही, वरून गिरवता येत नाही. गिरवलं तर लगेच दिसतं, शिवलेल्या साडीसारखं.

ह्यावर एक जुनी शिवी आहे. ४थ्या शतकाच्या सुरुवातीला वेई फूरेन नावाच्या बाई होऊन गेल्या, सगळ्यात मोठा सुलेखनकार मानतात त्या वांग शीझीच्या गुरू. त्यांच्या नावावर एक छोटं टिपण आहे, त्यात म्हटलंय की ज्या अक्षरात मांस फार आणि हाडं कमी ते अक्षर म्हणजे शाईचं डुक्कर. माझी डुकरं मी अजून जपून ठेवलीयेत, पूर्ण कळप आहे.

आता मुद्दा. साधारण पाचव्या महिन्यात आम्ही 'र्' लिहीत होतो, सूर्य किंवा दिवस. उभी चौकट आणि मध्ये एक आडवी रेघ. मी पानभर लिहून दिलं. लाओशींनी लाल कुंचला घेतला, मला वाटलं आता रेघा सुधारणार. त्यांनी रेघांना हातच लावला नाही. प्रत्येक अक्षरात ज्या दोन पांढऱ्या खोल्या होतात त्या लाल रंगाने भरल्या. पान फिरवून माझ्यासमोर ठेवलं. कुठे वरची खोली पिचलेली, कुठे खालची उगाच ऐसपैस, एका ठिकाणी तर वरची जवळजवळ बंदच झालेली. मग हातवारे करून आणि फोनवर भाषांतर दाखवून म्हणाले, ह्या घरात वरच्या मजल्यावर कोणी राहू शकेल का?

पाच महिने मी काळ्याकडे बघत होते हो! लिहायचं होतं पांढरं.

घरी येऊन मग लाओ त्सूचं 'ताओ ते चिंग' काढलं, ताओ पंथाचा मूळ ग्रंथ (ताओ म्हणजे वाट), त्यातलं ११वं प्रकरण. चाकाचे तीस आरे मधल्या भागात येऊन मिळतात पण तिथल्या पोकळीमुळे चाक चालतं, मातीचं भांडं वापरात येतं ते आतल्या रिकामपणामुळे, दारंखिडक्या कोरल्यावर खोली होते ती मोकळ्या जागेमुळे. हे आधी वाचलं होतं तेव्हा छान सुविचार वाटला होता, फ्रीजवर लावण्यासारखा. लाल खोल्या बघितल्यावर कळलं की ही सूचना आहे, अगदी रेसिपीसारखी. १८व्या शतकात देंग शिरू नावाचा सुलेखनकार झाला (१७४३ ते १८०५), त्याने ते सरळ नियम करूनच सांगितलंय: पांढरं मोजायचं, काळ्याइतकंच. विरळ जागी घोडा दौडला पाहिजे आणि दाट जागी वारासुद्धा शिरता कामा नये.

आणि शांतपणा. शांतपणा म्हणजे उदबत्ती लावून डोळे मिटणं असं मला वाटायचं. वर्गात कुणी डोळे मिटत नसे, मागे दोन आज्या सुनांबद्दल बोलत असायच्या, चहाचे थर्मास उघडत असायचे. पण कुंचला कागदावर टेकायच्या आधी त्या आज्यांचंही बोलणं आपोआप थांबायचं, रेघ संपली की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे. तेवढीच शांतता. आधी मन शांत करा आणि मग लिहा असं मला कुणीच सांगितलं नाही.

शेवटच्या वर्षी लानतिंगला गेलो. हांगझोउहून शाओशिंग ट्रेनने वीसेक मिनिटं, तिथून पुढे बस. इसवी सन ३५३ मध्ये, तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी, वांग शीझीने चाळीसेक मित्र जमवले, वळणावळणाच्या ओढ्याकाठी बसवले, वरून दारूचे पेले सोडले, पेला ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता करायची. सव्वीस जणांनी मिळून सदतीस केल्या, सोळा जणांना काहीच सुचलं नाही, त्यांना दंड म्हणून आणखी दारू. (दंड कसला!) त्या कवितांना वांग शीझीने तिथेच, प्यायलेल्या अवस्थेत, प्रस्तावना लिहिली. २८ ओळी, ३२४ अक्षरं. खाडाखोड आहे, राहिलेले शब्द बाजूला घुसडलेत. 'झर्' हे अक्षर वीसेक वेळा येतं आणि एकासारखं दुसरं नाही. सांगतात की शुद्धीवर आल्यावर त्याने तेच नीटनेटकं पुन्हा लिहायचा खूप प्रयत्न केला, पण तसं उतरलंच नाही.

तिथल्या तळ्यात अजून हंस आहेत, पांढरे, माजलेले, माझ्या ओढणीच्या मागे लागले होते. वांग शीझीला हंसांचं वेड होतं, एका ताओ पुजाऱ्याकडचे हंस मिळावेत म्हणून त्याने त्याला ग्रंथ लिहून दिला अशी गोष्ट आहे.

इथे सुलेखन करणारे बरेच आहेत म्हणून विचारते, देवनागरी किंवा मोडी लिहिताना तुम्ही मधल्या पांढऱ्याकडे बघता का? की हे फक्त चौकोनी अक्षरांचं खूळ? फोटो टाकलेत चार.

---

पेठकर_नंबर_दोन (शुक्र, २३:४८)

फोटो दिसत नाहीयेत, नुसते चार पांढरे चौकोन दिसताहेत. का तेच दाखवायचं होतं? हलके घ्या.

रेवाकाठ (शुक्र, २३:५५)

हाहा. लिंक गंडलीये, उद्या बघते.

मऊभात (शनि, ०७:१०)

सुंदर लेख. वाचनखूण साठवली.

गाडीवाट (शनि, ०७:३२)

लेख आवडला ताई. एक दुरुस्ती, 'मधला भाग' काय, त्याला तुंबा म्हणतात! आमच्या आज्याची बैलगाडी होती, चाकं सुतार आळीत भरायची. तुंबा बाभळीचा. सुतार सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो तुंब्याच्या भोकावर, आरे काय पोरगासुद्धा ठोकील म्हणायचा. भोक वाकडं गेलं की गाडी आयुष्यभर रडते, कितीही वंगण घाला. त्यामुळे तो लाओ त्सू जो कोण होता तो सुताराशेजारी बसलेला माणूस दिसतो, उगाच हवेत बोलणारा नाही.

रेवाकाठ (शनि, ०९:०५)

तुंबा!! अहो हा शब्द मी आठवड्याभर शोधत होते. धन्यवाद.

नाक्यावरचा (शनि, ११:१५)

लेखनशैली चांगली पण थोडं पाणी ओततो, राग नसावा. चीनमधलं सुलेखन म्हटलं की ताओ, शून्य, शांती हे जे पॅकेज येतं ते मला मार्केटिंग वाटतं. हजार-दीड हजार वर्षं तिथे चांगलं अक्षर म्हणजे सरकारी नोकरी. परीक्षेत अक्षर वाईट तर पुढचं कोण वाचतंय. छिंग ह्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात तर परीक्षेसाठी एकसारखं, छापल्यासारखं सरकारी वळणच ठरून गेलं होतं, काळंभोर आणि चौकोनी. ह्यात ताओ कुठे आला? हा तर कन्फ्यूशियसचा मामला. ९व्या शतकात थांग सम्राटाने ल्यू गोंगच्वानला विचारलं कुंचला कसा धरावा, तर तो म्हणाला मन सरळ तर कुंचला सरळ. सम्राटाचा चेहरा पडला कारण टोमणा त्यालाच होता, तो राज्यकारभाराकडे बघत नव्हता. बघा, मन सरळ, रिकामं नव्हे. ज्यांचं पोट भरलेलं ते रिटायर झाल्यावर ताओवादी होतात, आपल्याकडे पेन्शन सुरू झाली की ज्ञानेश्वरी घेतात तसं.

मऊभात (शनि, ११:४०)

शेवटच्या वाक्यावर माझे बाबा नाराज आहेत. (ज्ञानेश्वरी हातात आहे.)

रेवाकाठ (शनि, १३:२०)

नाक्यावरचा, राग कसला, अर्धं पटलं. आमच्या वर्गातले एक आजोबा रेल्वेत हेडक्लार्क होते आणि त्यांचं अक्षर तुम्ही म्हणता तसंच होतं, काळंभोर चौकोनी. लाओशी त्यांच्या पानाकडे बघून म्हणायचे, सुंदर आहे, आत जायला जागा नाही. पण ताओ वरून चिकटवलाय हे नाही पटत. शिकवतानाचे शब्दच बघा ना, रिकामं, भरलेलं, उलटं जाणं, सोडून देणं. उजवीकडे जायचं तर आधी डावीकडे जा हे मी दोन महिने हाताने केलंय, आणि लाओ त्सूच्या ४०व्या प्रकरणात उलट फिरणं हीच ताओची चाल असं म्हटलंय. नोकरी लागायला शिकत असतील, पण शिकवणाऱ्याला हात कसा सुटा करायचा हे सांगायला भाषा लागतेच, ती तिथून आली असणार.

चिनीमाती (शनि, १६:०२)

दोघांच्या मध्ये पडते. मी दिल्लीत चिनी शिकले आणि नंतर बरीच वर्षं भाषांतराचं काम केलं, त्यामुळे तोंड उघडायचा थोडा अधिकार.

नाक्यावरचा यांचा ल्यूचा किस्सा बरोबर आहे. पण कन्फ्यूशियस इकडे आणि ताओ तिकडे अशा दोन वेगळ्या पंगती तिथे कधी नव्हत्याच, माणूस तोच असायचा, सकाळी कचेरीत एक आणि संध्याकाळी दुसरा. उदाहरण देते. २ऱ्या शतकातला त्साय योंग. १७५ साली कन्फ्यूशियसपंथी ग्रंथ दगडावर कोरून राजधानीत उभे करायचं काम सुरू झालं त्यातला हा मुख्य माणूस, म्हणजे पक्का सरकारी पंडित. आणि त्याच माणसाच्या नावावर कुंचल्याबद्दल जे छोटं लिखाण आहे त्याची सुरुवात काय, तर लिहिणं म्हणजे सैल सोडणं, लिहायचं असेल तर आधी उरातलं सगळं मोकळं करा. मग गप्प बसा, बोलू नका, श्वास भरून येऊ देऊ नका, समोर सम्राट बसलाय असं समजा आणि मग लिहा. यात ताओ कुठला आणि दरबार कुठला, काढून दाखवा वेगळं!

फेइबाय, म्हणजे उडतं पांढरं, हेही त्याच्याच नावावर. कामगार राजवाड्याच्या दाराला झाडूसारख्या ब्रशने चुना मारत होते, ते बघून सुचलं म्हणे. कुंचल्यातली शाई संपत आली की रेघेत पांढऱ्या फटी पडतात ते. शिकाऊ माणसाला वाटतं शाई कमी पडली, जाणकार तिथेच डोळा लावतो, कारण कुंचला किती वेगाने गेला ते त्या फटीत दिसतं.

आता रेवाकाठ यांच्यावर पाणी ओतते. तुम्ही लानतिंगची प्रस्तावना शांतीचा नमुना म्हणून आणलीत, पण तिचा मजकूर वाचलात का? अर्ध्यात वांग शीझीचा मूडच जातो. आज इतके मजेत बसलोय, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच हे सगळं जुनं होणार, मरणार, असं म्हणत म्हणत तो थेट च्वांग त्सूवर घसरतो. जगणं आणि मरणं सारखंच असं म्हणणं ही पोकळ बडबड आहे, दीर्घायुषी माणूस आणि अकाली गेलेलं पोर एकच असं म्हणणं खोटं आहे. च्वांग त्सू म्हणजे ताओचा दुसरा खांब! घराणं पिढीजात ताओपंथी, आणि हा माणूस, आपल्या सगळ्यात गाजलेल्या कागदावर, त्यालाच खोटं पाडतोय.

नाक्यावरचा (शनि, १६:३०)

हे मला माहीत नव्हतं. टोपी काढली.

रेवाकाठ (शनि, २१:१०)

मलाही नव्हतं! तिथे दगडावर कोरलेलं इंग्रजी भाषांतर होतं आणि मी हंसांपासून पळत होते.

पण मग गंमत बघा ना, बोलणं ताओच्या विरुद्ध आणि हात ताओचा. दारू चढलीये, मरणाचं दुःख आहे, आणि हात असा चाललाय की नंतर त्यालाच जमला नाही. मुद्दाम केलं की बिघडतं.

मोडीमोड (शनि, २२:४५)

धागा भरकटण्याआधी मूळ प्रश्नाला उत्तर. मी मोडी लिहितो, बोरूने. आमच्यात आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिला टांगतात, हात शक्य तितका न उचलता. त्यामुळे तुमच्यासारखं प्रत्येक अक्षराचं स्वतंत्र घर नाही, आमची चाळ आहे, सलग गॅलरी. पांढरं बघतो का? अक्षराच्या आतलं फारसं नाही, दोन ओळींमधलं बघतो. जुन्या कारकुनांच्या कागदात ते इतकं एकसारखं असतं की पान लांब धरलं तर कापडाचं विणकाम वाटतं. देवनागरीत मात्र प आणि ष च्या पोटातली जागा, भ आणि म ची गाठ, इथे तुमचं म्हणणं तंतोतंत लागू. कट निबने लिहिताना म ची गाठ बुजली की अक्षर आंधळं होतं, हा शब्द आमचे सर वापरायचे.

बोरूत आणि कुंचल्यात एक मोठा फरक आहे. बोरूची जाडी तुम्ही चाकूने कापतानाच ठरते, ४५ अंशात धरा, बाकी तो बघून घेतो. कुंचल्याला कणाच नाही, जाडी प्रत्येक क्षणी हातानेच ठरवायची. म्हणून शांतता वगैरे तुम्हाला जास्त लागत असेल, आम्हाला धारदार चाकू लागतो.

आणि कित्ता? तिथे कित्ता गिरवतात का?

रेवाकाठ (रवि, ०८:३०)

"अक्षर आंधळं होतं" काय शब्द आहे!

कित्ता म्हणजे अख्खं शिक्षणच कित्ता. दोन शब्द आहेत, 'मो' म्हणजे वर पातळ कागद ठेवून गिरवणं, 'लिन' म्हणजे शेजारी ठेवून बघून लिहिणं. मो मध्ये जागा नीट येतात आणि रेघेतला जीव निसटतो, लिन मध्ये उलट. आमच्या वर्गातल्या एक आजी एकोणीस वर्षं एकाच शिलालेखाचा कित्ता गिरवत होत्या, ओउयांग श्यूनचा ६३२ सालचा. कंटाळा नाही येत का विचारलं तर म्हणाल्या, अजून पहिल्या पानाची ओळख होतेय.

शून्यपंथी (रवि, १०:२०)

हे सगळं आपलंच आहे. शून्य आपण दिलं. नागार्जुनाचा शून्यवाद चीनला गेला आणि तेच ताओ म्हणून आज विकतात. आपल्याला आपल्या वारशाची किंमत नाही, दुसरं काय.

चिनीमाती (रवि, ११:०५)

अहो लाओ त्सूचा ग्रंथ नागार्जुनाच्या कितीतरी शतकं आधीचा आहे, विकत घेणारा आधी आणि दुकान नंतर असं कसं होईल? शब्दही वेगळे आहेत. ताओवाल्यांचं 'श्यू' म्हणजे भांड्यासारखं रिकामं, ज्यात काहीतरी येऊ शकतं. बौद्धांच्या शून्यतेसाठी चिनी भाषांतरकारांनी 'खोंग' हा शब्द वापरला, तिथे वस्तूला स्वतःचा असा कायमचा गाभा नाही हा मुद्दा आहे. नंतरच्या लोकांनी दोन्ही मिसळले हे खरं, पण मूळ एक नाही.

आपला धागा शोधायचाच असेल तर खरा देते, मारूनमुटकून नाही. युआन श्वांग शाळेच्या इतिहासात सगळ्यांनी वाचलाय, ७व्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांबद्दल लिहून गेला तो. परत जाऊन त्याने संस्कृत ग्रंथांची भाषांतरं केली, त्यांना थांग सम्राट ताइझोंगने प्रस्तावना लिहिली. ती दगडावर कोरायची ठरली तेव्हा हुआयरेन नावाच्या भिक्षूने वांग शीझीच्या उरल्यासुरल्या कागदांतून एकेक अक्षर गोळा केलं आणि त्यातून मजकूर जुळवला. वांग जाऊन तीनशे वर्षं झाली होती! ६७२ सालचा तो दगड आज शिआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे, आणि त्याच्या शेवटी युआन श्वांगने भाषांतरित केलेलं हृदयसूत्र आहे, रूप हीच शून्यता वालं. म्हणजे संस्कृत सूत्र, ताओपंथी घराण्यातल्या माणसाच्या हस्ताक्षरात. जुळवायला बौद्ध भिक्षू.

गाडीवाट (रवि, ११:३०)

एकेक अक्षर गोळा करून मजकूर जुळवला? हे खंडणीची चिठ्ठी पेपरातली अक्षरं कापून बनवतात तसं झालं की.

चिनीमाती (रवि, ११:३४)

हाहाहा. हो. पण चीनमध्ये पिढ्यान् पिढ्या त्याच चिठ्ठीचा कित्ता गिरवतात.

संध्याछाया७ (रवि, १७:५०)

वाचतेय, छान चाललंय. पण मला शांततेचं पटत नाहीये. मध्ये नेटवर एक कागद बघितला होता, यान झेनचिंग नावाच्या जुन्या सुलेखनकाराचा, पुतण्या गेल्यावर लिहिलेला. मला चिनीचं एक अक्षर येत नाही पण तो बघून पोटात गलबललं. खोडलेलं, शाई सुकलेली, पुन्हा बुडवून एकदम काळी. तो माणूस शांत होता म्हणता?

चिनीमाती (रवि, १९:१५)

नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. तो ७५८ सालचा कागद. आन लुशान ह्या थांग सेनापतीच्या बंडात त्याचा चुलतभाऊ आणि त्या भावाचा मुलगा दोघे मारले गेले, पुतण्याचं फक्त शिर परत मिळालं. तो श्राद्धाच्या मजकुराचा कच्चा खर्डा आहे, कुणाला दाखवायला लिहिलेलाच नाही. आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. २०१९ मध्ये टोकियोला प्रदर्शनासाठी दिला तर तैवान आणि चीन दोन्हीकडे लोक भडकले होते, इतका जीव.

आणि तुमचा प्रश्न फार जुना आहे. ९व्या शतकाच्या सुरुवातीला हान यू ह्या लेखकाने हाच विचारला होता. तो म्हणाला, झांग शू चं वेडंवाकडं पळतं अक्षर इतकं जिवंत का, तर राग, दुःख, दारू, दारिद्र्य, जे काही मनात खळबळेल ते तो कागदावर ओतायचा. आता हे गाओश्यान नावाचे भिक्षू, ह्यांनी मन विझवून टाकलंय, मग ह्यांच्या अक्षरात येणार काय, राख? त्यावर अडीचशे वर्षांनी सू शी ने एका भिक्षूला लिहिलेल्या कवितेत उत्तर दिलं. तो म्हणतो रिकामं आणि शांत असण्याचा कंटाळा करू नका, कारण स्थिर असतो त्यालाच सगळ्यांची हालचाल कळते, आणि रिकामा असतो त्याच्यातच सगळं जग मावतं. सू शी कवितेबद्दल बोलतोय पण तो स्वतः सुलेखनकार, आणि हांगझोउचा अधिकारीही होता, तिथल्या तलावातला बांध त्याच्याच नावाचा. रेवाकाठ रोज त्याच्यावरून फिरल्या असतील.

रेवाकाठ (रवि, २१:४०)

रोज नाही पण रविवारी नक्की. त्याच तळ्याकाठी एक आजोबा यायचे, काठीला कापलेला स्पंज बांधलेला, कमरेला पाण्याची बाटली. फरशीवर पाण्याने लिहायचे, दोन दोन हात मोठी अक्षरं, मागे मागे सरकत. उन्हाळ्यात चार ओळींची कविता, चौथीला पोचेपर्यंत पहिली उडालेली असायची. एकदा मी फोटो काढायला धावले तर ते हसले आणि फोनकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले, मला कळलं नाही. लेकीने सांगितलं, आजोबा म्हणतायत आधी वाच.

संध्याछाया, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण एक सांगते. तिसऱ्या वर्षी माझी सासू गेली. तिकीट मिळेपर्यंत दोन दिवस होते, मधल्या गुरुवारी काय करायचं म्हणून वर्गात गेले. लाओशींना माहीत होतं. शाई त्यांनीच उगाळून दिली. मी लिहीत बसले, रेघा थरथरत होत्या, सगळं फुटलं होतं. त्यांनी लाल कुंचला काढला नाही त्या दिवशी. ते पान त्यांनी ठेवून घेतलं, बाकी कधीच ठेवलं नव्हतं.

संध्याछाया७ (रवि, २१:५२)

❤️

मोडीमोड (रवि, २२:१५)

अवांतर: आपण ज्याला अक्षर म्हणतो, म्हणजे ज्याचा क्षय नाही ते, आणि ते बाबा पाण्याने लिहितायत. झोप येणार नाही आता.

पेठकर_नंबर_दोन (सोम, १०:०५)

मागच्या वर्षी मी लोणावळ्याजवळ एका दोन दिवसांच्या 'झेन ताओ ब्रश रिट्रीट'ला गेलो होतो, ऑफिसच्या स्ट्रेसवर उपाय म्हणून. जेवणखाणासकट नऊ हजार. प्रत्येकाला एक ब्रशपेन दिलं आणि दोन दिवस गोल काढायला लावले. माझा गोल जुळला नाही तर म्हणाले तुमचं मन बंद आहे. जुळला तर म्हणाले फार कंट्रोल करताय. शाई उगाळणं वगैरे काही नाही. हे काय होतं मग?

चिनीमाती (सोम, १०:४०)

गोल काढणं ही जपानमधली झेन भिक्षूंची पद्धत, स्वतःच्या जागी चांगलीच आहे, पण ती चिनी नाही आणि ताओची तर नाहीच. नऊ हजारात दोन देश दिले असं समजा.

नाक्यावरचा (सोम, १०:५५)

मी मार्केटिंग म्हटलं होतं ते हेच. आता कोणीतरी +१ द्या.

गाडीवाट (सोम, ११:००)

+१

चिनीमाती (सोम, ११:२०)

+१, आणि वर एक गोष्ट, च्वांग त्सूच्या ग्रंथातली. सोंगच्या युआन राजाला चित्र काढून हवं होतं. सगळे चित्रकार आले, नमस्कार केला, रांगेत उभे राहून कुंचले चाटतायत, शाई घोटतायत. एक जण उशिरा, रमतगमत आला, उभासुद्धा राहिला नाही, सरळ आपल्या खोलीवर गेला. राजाने माणूस पाठवून बघितलं तर हा कपडे काढून मांडी घालून निवांत बसलेला. राजा म्हणाला, हाच खरा चित्रकार.

पेठकर_नंबर_दोन (सोम, ११:२८)

लोणावळ्यात हे केलं असतं तर डिपॉझिट गेलं असतं.

मऊभात (सोम, १४:१०)

मला खरंच करून बघायचंय. शाईची कांडी, दगड, कागद सगळं एकदम आणायचं का? मुलगा सात वर्षांचा आहे, तोही बसेल म्हणतोय (दहा मिनिटं).

रेवाकाठ (सोम, २२:३०)

मऊभात, एकदम काही आणू नका. ऑनलाइन पाण्याने लिहायचं कापड मिळतं, राखाडी, वर ओळी आखलेल्या असतात. साध्या पाण्यात कुंचला बुडवून लिहिलं की काळं उमटतं आणि थोड्या वेळात वाळून जातं. मुलासाठी ते उत्तम, भिंती वाचतील. तेही नसेल तर दगडी पाटी आणि पाणी. कुंचला मात्र बरा घ्या, मिश्र केसांचा, म्हणजे आत कडक आणि बाहेर बकरीचे मऊ. नुसता बकरीच्या केसांचा सुरुवातीला हातात राहत नाही, ओल्या मांजरासारखा पसरतो. नवीन कुंचला खळीने कडक केलेला असतो, कोमट पाण्यात सोडा, बोटांनी चुरगाळू नका.

आठवडाभर नुसती आडवी रेघ. मुलाला कंटाळा आला तर 'र्' द्या, चौकट आणि मध्ये रेघ, आणि मग लाल स्केचपेन देऊन खोल्या रंगवायला सांगा. मुलांना ते लगेच कळतं, माझ्या लेकीला मला समजवायच्या आधी कळलं होतं.

शाई वापरायला लागलात की त्याच दिवशी कुंचला धुवायचा, साबण न लावता, वाहत्या पाण्याखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग बोटांनी टोक काढून खाली तोंड करून टांगायचा. उभा ठेवला तर पाणी मुळाशी उतरतं आणि केस गळतात. मी पहिला तसाच घालवला, मगमध्ये उभा, टूथब्रशशेजारी.

आणि फोटोंची लिंक दुरुस्त केलीये, बघा दिसतात का. तिसऱ्यात हंस आहे, तो माझ्याकडे येतोय म्हणून हललाय.